होबोनिची टेचो: मराठी अक्षराला 3.7 मिमीची चौकट पुरते का?

नव्या वर्षाचा प्लॅनर घेताना बहुतेकांची नजर आधी कव्हरवर जाते आणि आतल्या रेघा शेवटी पाहिल्या जातात. मराठीत लिहिणाऱ्याने हा क्रम उलटा करावा. होबोनिची टेचोचा ‘ओरिजिनल’ हा जपानी प्लॅनर या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. आकार ए6, म्हणजे 105 × 148 मिमी. रोजचं एक अख्खं पान, शनिवार-रविवारलासुद्धा. कागद तोमोए रिव्हर नावाचा पातळ जपानी, 52 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 52 ग्रॅम), आणि पानभर छापलेल्या चौकटी 3.7 मिमीच्या.

खरी अडचण चौकटींची. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. एकेका चौकटीत ओळ धरून ‘पूर्तता’, ‘कर्जफेड’, ‘मूर्ती’ असे शब्द एकाखाली एक लिहा; वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारात घुसतो. उपाय सोपा आहे: एका ओळीला दोन चौकटी द्या आणि शिरोरेखा मधल्या रेघेच्या किंचित वर धरा. ओळींतलं अंतर 7.4 मिमी होतं, अक्षर मोकळं राहतं. वरची तारीख आणि पानाच्या तळाशी छापलेलं अवतरण सोडलं तर पानावर पंधरा-सोळा ओळी मिळतात. दिवसाच्या कामांना त्या भरपूर होतात, सविस्तर रोजनिशीला मात्र कमी पडतात. पेनाचं टोक 0.38 ते 0.5 मिमी ठेवा, 0.7 ने ‘द्ध’, ‘ष्ट’ यांची पोटं भरून जातात.

कागद उत्तम आहे. इतका पातळ असूनही फाउंटन पेनची शाई सहसा फुटत नाही, पलीकडे झिरपत नाही. पण लिहिलेलं मागच्या पानावर सावलीसारखं दिसतं. ज्यांना ते खटकतं त्यांनी हा प्लॅनर घेऊ नये, कारण ती सवय होईलच असं नाही. शाई कागदात मुरण्याऐवजी वर राहते, त्यामुळे वाळायला वेळ लागतो आणि लगेच मिटलं तर समोरच्या पानावर डाग उमटतो. टिपकागदाचा तुकडा चालू पानातच ठेवावा. बॉलपेन दाबून लिहिणाऱ्यांनी पानाखाली प्लास्टिकची पातळ शीट सरकवावी, नाहीतर पुढच्या दिवसावर वळ उठतात. हायलायटर शाई पूर्ण वाळल्यावरच फिरवावा. एवढा पातळ कागद का, याचं उत्तर वजनात आहे: 365 पानं म्हणजे 183 कागद, आणि 80 जीएसएममध्ये त्यांचंच वजन दीडपट झालं असतं.

रोज पान हवंच का, हे घेण्याआधी मोजा. मागच्या 14 दिवसांची कामं कागदावर उतरवा आणि ठरावीक वेळेची कामं वेगळी मोजा. रोज चार-पाचच नोंदी निघत असतील तर आठवडी प्लॅनर पुरतो. ए5 आकारात आठवडा दोन पानांवर उभ्या सात रकान्यांत असेल, तर एक रकाना जेमतेम 40 मिमीचा होतो. त्यात मराठी ओळ दोन-तीन शब्दांत तुटते, म्हणून आमची पसंती आडव्या मांडणीला. वेळा जास्त असतील तर होबोनिचीचाच ए5 ‘कझिन’ पाहावा; त्यात रोजच्या पानांसोबत तासवार आठवडाही आहे, पण पिशवीत तो जड वाटतो. रोजचं पान घेऊन आठवड्यातले चार दिवस कोरे राहू लागले की लोक प्लॅनर उघडणंच सोडतात. असं होणाऱ्यांनी तारखा न छापलेला घ्यावा.

बांधणी धाग्याची आहे, पान सपाट उघडतं. नवा प्लॅनर एकदम मधोमध मोडू नका. आधी पुढची थोडी पानं, मग मागची थोडी, असं आलटून पालटून मध्यापर्यंत या आणि प्रत्येक वेळी शिवणीलगत अंगठा फिरवा. पाठीच्या डिंकाला चीर पडत नाही. स्टिकर आणि पावत्या चिकटवणार असाल तर शिवणीपासून बोटभर लांब ठेवा. तिथली जाडी साठली की डिसेंबरपर्यंत कव्हर मिटत नाही.