ताजमध्ये एक रात्र आणि आईचं माहेर

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही भावंडांनी वर्गणी काढून त्यांना एक रात्र कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसला नेलं, आणि तेव्हापासून जो तो कसं होतं कसं होतं विचारतोय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधी एक गोष्ट, आई माहेरची वैद्य. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

टॅक्सीवाल्याने चर्चगेटपासूनच सुरू केलं. साहेब, इंग्रज आर्किटेक्टने नकाशा दिला, इथल्यांनी हॉटेल उलटं बांधलं, तो परत आला आणि बघितल्याबरोबर त्याने वरून उडी मारली. ही गोष्ट मी शाळेच्या सहलीपासून ऐकतोय आणि खरं सांगायचं तर विश्वासही होता.

आत गेल्यावर संध्याकाळचा हेरिटेज वॉक केला, आणि माझ्या मते सगळ्या पैशांत तोच तासभर सगळ्यात वसूल. उलटं-बिलटं काही नाही हो. तेव्हा मुख्य दार शहराच्या बाजूला होतं, आज जिथे स्विमिंग पूल आहे तिकडून घोडागाड्या आत यायच्या. आणि मूळ डिझाइन कोणाचं, तर सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं! वैद्य काम पूर्ण व्हायच्या आधीच वारले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनियरने ते पुरं केलं. म्हणजे आपल्या माणसाने आखलेली वास्तू, आणि आपणच शंभर वर्षं एका न मेलेल्या साहेबाची गोष्ट पोरांना सांगतोय.

वैद्य नाव ऐकलं आणि आई जागच्या जागी थांबली. "आमच्यातलेच असणार." बाबा म्हणाले, अगं महाराष्ट्रात वैद्य काय कमी आहेत का, पण तोवर उशीर झाला होता, पुढचा सगळा वॉक तिने घरच्यासारखा केला, इथे हात लाव, तिथे वर बघ. मधला तो अधांतरी वाटणारा जिना बघून तर तिला भरूनच आलं, तेवढ्यात कळलं की जिना कंत्राटदार सोराबजी रतनजींचा. "असू दे, जिना त्यांचा, घर आमचं."

बाकी मला काय आवडलं तर तारखा. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, पहिल्या दिवशी पाहुणे फक्त १७, आणि जमशेटजी टाटा पाचच महिन्यांनी जर्मनीत वारले, म्हणजे हे चालताना त्यांनी जेमतेम बघितलं. गेटवेचं उद्घाटन १९२४ चं! आपण फोटोत दोघांना जुळ्या भावंडांसारखं पकडतो पण ताज एकवीस वर्षांनी मोठा. पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं हॉस्पिटल होतं. शेजारचा टॉवर १९७३ चा, त्या जागी आधी ग्रीन्स हॉटेल होतं. बुकिंग करताना हे बघून घ्या, टॉवरमधली रूम स्वस्त पडते, पण इतिहासासाठी जात असाल तर पॅलेस विंगच घ्या, नाहीतर कॉरिडॉरमधून रात्री उगाच फिरण्यातली मजाच नाही. आम्ही साडेअकराला फिरत होतो, बाबा हॉटेलच्या स्लिपर्समध्ये.

२६/११ च्या स्मारकाजवळ आम्ही कोणीच काही बोललो नाही. ३१ जण गेले तिथे. २००८ ला त्या रात्री घरी टीव्हीसमोर हीच खिडक्यांची रांग बघत बसलो होतो, घुमटाला लागलेली आग डोळ्यांसमोरून जात नाही. पॅलेसचा भाग नीट करून पुन्हा उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला, आणि आता कुठे आग लागली होती हे शोधूनही मला सापडलं नाही.

सी लाउंजचा हाय टी आधी बुक करून जा आणि खिडकीजवळचं टेबल मागून घ्या, समोर गेटवे आणि लाँचची गर्दी दिसते. सँडविच, स्कोन्स, पेस्ट्री सगळं आहे, पण आमच्या घरच्यांनी चाट आणि बटाटेवड्यावर हात मारला. चहा उत्तम. बिल बघून बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आकडा तोच होता. हार्बर बारला १९३३ पासूनचा इतिहास आहे, तिथे मी आणि ताई नंतर गुपचूप जाऊन आलो, आईला सांगू नका.

राहणं परवडत नसेल तर नुसता चहा घेतला तरी चालेल.

निघताना आईने काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, छान ठेवलंय हो सगळं तुम्ही. ती म्हणाली थँक यू मॅडम. आई म्हणाली, नाही, मी वैद्यांची.