मराठी टायपिंग: रोमनमधून, बोलून की इनस्क्रिप्टने?

सोसायटीची नोटीस, गणपतीच्या वर्गणीची यादी, महापालिकेला द्यायचा अर्ज, शेजारच्या काकांचं पेन्शनचं पत्र. आमच्या नागपूरच्या मनीषनगरात असलं काही टाइप करायचं निघालं की ते फिरत फिरत माझ्याकडे येतं. त्यामुळे मराठी उमटवायच्या तिन्ही तऱ्हा वापरून झाल्या आहेत: रोमन म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून यंत्राकडून देवनागरी करून घेणं, फोनला बोलून सांगणं, आणि इनस्क्रिप्ट म्हणजे बटणाबटणाला देवनागरी अक्षर ठरवून दिलेली कीबोर्डची मांडणी. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट मी यात धरतच नाही. समोरच्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की अर्जाच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो, आणि आता युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर तेच अक्षर दिसावं म्हणून ठरवलेली पद्धत, सगळीकडे असताना तो ताप कशाला?

बोलून टाइप करणं आधी उरकतो. लांब मजकुराचा कच्चा खर्डा काढायला याच्याइतकं झटपट काही नाही, आणि साठीपुढच्या मंडळींना तर मी हेच सुचवतो. पण आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे खोलीत कूलर घोंघावत असणार. तो बंद करून बोलायचं तर घाम, चालू ठेवून बोलायचं तर फोनला निम्मं ऐकूच येत नाही. शिवाय आपली बोली. ‘मीटिंग ठेवून राहिलो’ हे तो निमूटपणे लिहून घेतो, ‘कायले’ (म्हणजे ‘कशाला’) म्हटलं की मात्र गडबडतो. आणि विरामचिन्हं शेवटी हातानेच घालावी लागतात, निदान मला तरी.

खरी निवड उरते ती रोमनमधून लिहिणं आणि इनस्क्रिप्ट यांच्यात.

रोमनचं मोठेपण आधी मान्य करतो. शिकावं काही लागत नाही. इंग्रजी कीबोर्ड येतो त्याला पहिल्या दिवसापासून मराठी येते. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहायच्या असतील तर मीही फोनवर हेच वापरतो, आणि बदलायचा विचारही नाही.

अडतं कुठे, तर यादीत. वर्गणीच्या यादीत आडनावं असतात आणि आडनावं संदर्भावरून ओळखता येत नाहीत. रोमनमध्ये ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच अक्षर, ‘त’ आणि ‘ट’ यांनाही एकच. त्यामुळे धोटे लिहायला गेलात तर धोटे, ढोटे, धोते यांपैकी काहीही समोर येऊ शकतं. ढोबळे, वाढई, निंबाळकर, सगळ्यांची तीच गत. साध्या शब्दांतही काल, काळ, कल आणि कळ यांचं रोमन स्पेलिंग एकच. यंत्र अंदाज बांधतं, बहुतेक वेळा बरोबर बांधतं, आणि हाच तर ताप आहे. दहात नऊदा चुकलं असतं तर आपण सावध राहिलो असतो. ते क्वचितच चुकतं, स्पेसबार दाबला की पहिला पर्याय गुपचूप बसतो, आणि ‘काल पाणी आले नाही’च्या जागी ‘काळ पाणी आले नाही’ छापून लिफ्टशेजारी लागतं. ते टाळायचं तर प्रत्येक शब्दानंतर नजर पर्यायांच्या पट्टीवर न्यायची. वाचायचं, निवडायचं, पुढे जायचं. लिहिताना वाक्याचा धागा हातात राहतच नाही. मला या एका गोष्टीने वैताग आणला. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं.

इनस्क्रिप्टमध्ये अंदाज हा प्रकारच नाही. जे बटण दाबाल तेच अक्षर. ‘ध’ हा ‘द’च्याच बटणावर शिफ्टसह, ‘ढ’ हा ‘ड’च्या बटणावर शिफ्टसह. ‘ल’चा ‘ळ’ तसाच. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात. ‘आचार्य’ आणि ‘वाऱ्यावर’ यांतला फरकसुद्धा बोटांनीच करता येतो: साधा ‘र’ घेतला तर रफार, शिफ्ट धरून ‘ऱ’ घेतला तर ‘ऱ्य’. ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवली, १९९१च्या भारतीय मानकातही ती आहे, म्हणून विंडोज असो की लिनक्स, ती वेगळी उतरवून घ्यावी लागत नाही आणि तिला इंटरनेटही लागत नाही. नागपूरकरांसाठी एक जास्तीचा फायदा: हिंदीचीही मांडणी हीच. मराठी अर्ज संपवून त्याच बोटांनी हिंदी पत्र लिहायला घेता येतं. खरं तर बंगाली किंवा गुजरातीतही ‘क’ त्याच बटणावर असतो, पण ते आपल्याला कधी लागणार!

किंमत आहे, ती लपवत नाही. सुरुवातीचे दिवस जिवावर येतात. आपलंच नाव लिहायला मिनिट लागतं आणि घरातली मुलं हसतात. बटणांवर स्टिकर लावायचा मोह होईल, पण माझ्या मते लावू नये, कारण मग नजर कीबोर्डवरून हटत नाही. मांडणीचा कागद छापून स्क्रीनच्या बाजूला चिकटवलेला बरा. फोनच्या इवल्याशा पडद्यावर मात्र इनस्क्रिप्ट मला कधी जमलं नाही, तिथे ते सुचवणारही नाही.

तर महिन्याकाठी एखादाच अर्ज लिहिणाऱ्याने रोमनवरच राहावं, उगाच डोकेफोड नको. ज्याच्या हाताखालून नावांच्या याद्या, इतिवृत्तं, पावत्या जातात, त्याने मात्र इनस्क्रिप्टला थोडा वेळ द्यावा असं मला वाटतं. घरात कुणी लिपिकाच्या परीक्षेची तयारी करत असेल तर आधी जाहिरातीत कोणती मांडणी मागितली आहे ते बघा. मिनिटाला ३० मराठी शब्दांची अट तर जागोजागी असतेच, आणि पर्यायांच्या पट्टीकडे बघत बघत तो वेग गाठणारा अजून मला भेटलेला नाही.

विंडोजवर सेटिंग्जमध्ये भाषा जोडताना ‘मराठी’ आणि ‘मराठी फोनेटिक’ असे दोन कीबोर्ड दिसतील. त्यातला पहिला इनस्क्रिप्टचा. दुसरा रोमनचा; इनस्क्रिप्ट वापरणार असाल तर तो जोडूच नका, नाहीतर विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलताना दर वेळी नको तोच समोर येतो.