गाणाऱ्याचं माप घेणारी ड्रेपरी

आमच्या मिरजेच्या हौशी मंडळीनं यंदा 'संगीत मानापमान' केलं. कपडेपट माझ्याकडे होता. कपडे, दागिने, पगड्या सगळं सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या ड्रेपरीवाल्या, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या, काकांकडून घेतलं. जुन्या नाटकवाल्यांना हे दुकान सांगायला नकोच. पहिल्यांदा संगीत नाटकाला हात घालणाऱ्या तरुण मुलांसाठी हे लिहितेय.

नाटक ठरल्यावर आधी मला धास्तीच वाटली होती. खाडिलकरांचं हे नाटक 1911 चं, आणि त्यात कपडे नुसती सजावट नाहीत, कथाच त्यांच्यावर चालते. भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात असते, मग वनमाला होऊन साध्या वेशात सेनापती धैर्यधरासमोर येते. लक्ष्मीधर दागिन्यांनी मढलेला, पण काळजानं भित्रा. प्रेक्षकांना दोन्ही वेशांत तीच बाई दिसली पाहिजे आणि धैर्यधराला मात्र ती ओळखू येता कामा नये. मागे एका प्रयोगाला दुसऱ्या एका दुकानातून शिवलेली नऊवारी आणली होती, पाठीत चेन लावलेली. वरच्या षड्जाला नायिकेनं श्वास घेतला आणि चेन उसवली. विंगेतून सेफ्टी पिना घेऊन धावणं मी अजून विसरलेले नाही.

काकांनी पहिल्या भेटीत मापाची टेप काढलीच नाही. "वहिनी, संहिता आणलीत?" एवढंच विचारलं. मग कुठल्या पदाला कोण बसतं, कोण उभं असतं, कुठे किती वेळात कपडे बदलायचे, हे पेन्सिलीनं समासात लिहून घेतलं. पुढच्या खेपेला भामिनी करणाऱ्या मुलीला समोर उभं करून म्हणाले, "पोरी, 'शूरा मी वंदिले' म्हण, आणि लाजू नको, पोटातून म्हण." ती गात असताना त्यांनी बरगड्यांचं माप घेतलं. श्वास सोडलेलं एक, भरलेलं एक. चोळी दुसऱ्या मापावर शिवली आणि बगलेत चौबगला, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातला, म्हणजे हात उचलला तरी कापड छातीवर ओढत नाही. कमरपट्ट्याचा हूक काढून मागे गोंडा लावला. आमच्या मुलीचा आवाज प्रयोगाच्या दिवशी जसा लागला, तसा तालमीतही लागला नव्हता.

दागिन्यांतही तेच. मी हौसेनं चिंचपेटी मागितली होती. काकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. गळ्याला घट्ट बसणारं काही तान घेणाऱ्या मुलीला द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तन्मणी आणि मोहनमाळ दिली. नथ लहान, हलकी, ओठांपासून दूर राहील अशी. धैर्यधराची पगडी कानांवर उतरत होती. ती त्यांनी आतून गादी घालून वर उचलली, कारण कान झाकले की गाणाऱ्याला ऑर्गन नीट ऐकू येत नाही. हे मला आजवर एकाही दिग्दर्शकानं सांगितलं नव्हतं.

हल्ली कॉलर माइक लावतात. जरीवर माइक घासला की सभागृहभर खरखर ऐकू येते. काकांनी माइक लागतो तिथे पदराच्या आतून मऊ मलमल शिवून दिली. नव्वद वर्षांपूर्वीच्या नटांना ही अडचण नव्हती, आणि वयाच्या या टप्प्यावर काका ती समजून घेऊन उपाय काढतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

रंगांचं ज्ञान तर विलक्षण. 'चंद्रिका ही जणू' या पदाला आम्ही निळा प्रकाश ठेवला होता आणि मी वनमालेसाठी तांबडं लुगडं निवडलं होतं. निळ्या उजेडात तांबडं काळपट दिसतं, म्हणून त्यांनी फिकट मोतिया रंगाचं दिलं. तालमीत दोन्ही नेसवून पाहिली. तांबड्यात मुलगी पडद्यातच बुडून गेली होती.

हे सगळं ते वडिलांच्या हाताखाली शिकले. सुरुवात जरीचे शेले घडी घालण्यापासून, मग हातशिलाई, मग कापणं. नाटक कंपन्यांचा स्वतःचा कपडेपट असायचा तो काळ त्यांनी वडिलांकडून ऐकलेला. गंधर्व नाटक मंडळी 1913 ला निघाली, तिच्या शालूंची आणि अत्तरांची वर्णनं आपण सगळेच ऐकतो. बालगंधर्वांचं नेसणं पाहून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या, हेही ऐकतो. त्या शालूंना टीप घालणारे, इस्त्री करणारे, गाडीतून पेट्या नेणारे हात कुणाचे, ते कुणी सांगत नाही. काकांची सगळी उमर यात गेली, आणि त्यांच्याकडच्या जुन्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात त्यांचं नाव मला एकदाही सापडलं नाही. तबलजीचं असतं, नेपथ्यवाल्याचं असतं. आम्ही आमच्या फलकावर 'वेशभूषा' खाली त्यांचं नाव ठळक छापलं. प्रत्येक मंडळीनं ते छापायलाच हवं.

आता उणं. जोड्यांचा साठा अगदीच तोकडा; लक्ष्मीधरासाठी मापाची मोजडी मिळाली नाही, ती आम्ही बाहेरून आणली. पुरुषांच्या अंगरख्यांना घामाचा वास होता, दोन दिवस उन्हात टाकावे लागले. लक्ष्मीधराच्या कंठ्याचा मुलामा उडालेला. लांबून खपतो, पण पहिल्या रांगेतून दिसतो. दुकान अरुंद आहे, दोनच माणसं आत मावतात. हिशेब वहीत आणि पैसे रोख. पूर्ण संचाचे एका प्रयोगाला साडेअकरा हजार झाले, अनामत वेगळी. आमच्यासारख्या हौशी मंडळींना हे जड जातं, पण यात तालमीला दोनदा येऊन केलेली दुरुस्तीही धरली होती, म्हणून मला भाव रास्त वाटला. मेकअपचा डाग पडला तर अनामतीतून कापतात, तेव्हा गळ्याशी आतून पट्टी लावूनच नटांना रंगवा.

नाट्यस्पर्धेच्या दिवसांत जायचं असेल तर महिनाभर आधी सांगून ठेवा. सकाळी गेलात तर काका स्वतः असतात, दुपारनंतर मुलगा बसतो. तो मनमिळाऊ आहे, पण मापं काकांनीच घ्यावीत. माप द्यायला गाणाऱ्यालाच न्या, त्याच्या उंचीचा दुसरा कुणी पाठवू नका. आणि माइकची डबीही सोबत ठेवा. तिच्यासाठी कमरेच्या आतून खिसा शिवून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.