जीएनयू डीडीरेस्क्यू: आजारी हार्ड डिस्कवर कित्येक महिने वापरल्यानंतर

खराब होत चाललेल्या हार्ड डिस्कवरून डेटा काढायला फुकट मिळणाऱ्या साधनांत जीएनयू डीडीरेस्क्यू सगळ्यांत भरवशाचं. लॅपटॉपच्या अडीच इंची, डेस्कटॉपच्या साडेतीन इंची आणि यूएसबी पोर्टेबल अशा तिन्ही तऱ्हांच्या डिस्कवर भरपूर वापर झाल्यावर हे मत पक्कं झालं आहे. त्याचं कारण वेग नाही, मॅपफाइल आहे, म्हणजे काय वाचून झालं आणि काय राहिलं याची नोंदवही.

अंतोनियो दियाझ दियाझ यांनी २००४ साली आणलेला हा प्रोग्राम. लिनक्सच्या उबुंटू-डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, पण आज्ञा डीडीरेस्क्यू अशीच द्यायची. मधे अंडरस्कोर असलेला डीडी_रेस्क्यू हा निराळाच प्रोग्राम, त्याची गल्लत करू नका. विंडोजवाल्यांनी सिस्टमरेस्क्यू या लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून मशीन सुरू करावं, त्यात हा आधीच असतो. विंडोजमध्ये आजारी डिस्क जोडणंच धोक्याचं. विंडोज आपणहून ती माउंट करतं (वापरासाठी उघडतं), थंबनेल बनवायला बसतं आणि चेकडिस्क हे दुरुस्तीचं साधन चालवायचं सुचवतं. चेकडिस्क डिस्कवर लिहितं. डेटा बाहेर निघेपर्यंत त्या डिस्कवर एक बाइटही लिहिला जाता कामा नये.

आधी स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कची तब्येत बघा, ती डिस्कने स्वतः ठेवलेले आकडे दाखवते. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या रॉ व्हॅल्यू (मूळ मोजणीचे आकडे) महत्त्वाच्या: बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), निकाल लागायचे राहिलेले सेक्टर आणि वाचताच न येणारे सेक्टर. १९७ वाढत असेल तर डिस्क गेलीच असं धरून कामाला लागा. फक्त १९९ वाढलेला असेल तर बहुधा केबलचा दोष असतो. आधी साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) बदलून पाहा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा फिरतच नसेल तर यातलं काहीच करू नका. वीज काढा आणि थेट डेटा काढून देणारी लॅब गाठा. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो, तो ऐकू नका. बाहेर काढल्यावर प्लॅटरवर, म्हणजे डेटा असलेल्या फिरत्या तबकडीवर दव धरतं, आणि वाचणारं हेड तर प्लॅटरपासून काही नॅनोमीटरवर चालतं.

नेहमीच्या कॉपी-पेस्टमध्ये खराब सेक्टर आला की डिस्क त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, आणि तेवढ्यात हेड पुरतं कामातून जाऊ शकतं. डीडीरेस्क्यू उलटा विचार करतो. आधी सहज मिळेल ते सगळं उचलायचं, चूक आली की पुढे उडी मारायची, मग उलट्या दिशेने यायचं. नंतर राहिलेल्या तुकड्यांच्या कडा तासायच्या, आणि सगळ्यात शेवटी एकेक सेक्टर खरवडायचा. या सगळ्याची नोंद मॅपफाइलमध्ये होते. ती साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक ओळीत सुरुवातीची जागा, लांबी आणि एक चिन्ह: + म्हणजे मिळालं, ? म्हणजे अजून हात लावलेला नाही, * म्हणजे कडा तासायच्या आहेत, / म्हणजे खरवडायचं आहे, - म्हणजे वाचता आलं नाही. वीज गेली, यूएसबी निसटली, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम थांबलं तिथून पुढे सुरू. ही फाइल लाइव्ह पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या मेमरीत मात्र ठेवू नका, रीबूट झाला की ती गेली. ती इमेजशेजारीच (इमेज म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाइल) ठेवा, आणि जागा मूळ डिस्कच्या क्षमतेपेक्षा जास्त असू द्या. फॅट-३२ वर एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे, म्हणून तिथे ईएक्सटी-४ हे लिनक्सचं फॉरमॅट हवं.

पहिली फेरी छोट्या एन पर्यायाने, म्हणजे खरवडणं वगळून. आज्ञेत क्रम असा: सोर्स, इमेज, मॅपफाइल. सोर्स आणि डेस्टिनेशन उलटे पडले तर सगळं संपलं, म्हणून आधी एलएसबीएलके या डिस्कांची यादी देणाऱ्या आज्ञेने मॉडेल आणि सिरियल नंबर जुळवा आणि एसडीबी-एसडीसी अशा बदलू शकणाऱ्या नावांऐवजी बाय-आयडीचं, म्हणजे मॉडेल-सिरियलवरून पडलेलं नाव द्या. पुढच्या फेरीला एन काढून छोटा डी, म्हणजे थेट वाचन, आणि छोटा आर ३, म्हणजे तीन प्रयत्न. तीनपेक्षा जास्तीचा हट्ट धरण्यात बहुधा अर्थ नसतो. पडद्यावर शेवटचं यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झालं तो आकडा असतो, त्याकडे लक्ष ठेवा. तो वाढतच राहिला तर डिस्कला विश्रांती द्या, आणि साडेतीन इंचीवर पंखा सोडून ठेवा.

१ टीबीची धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबीने साधारण पावणेतीन तासांत उतरते. यूएसबी २ वर ३० एमबी मिळाले तर सव्वानऊ तास. आजारी डिस्कला कित्येक दिवसही लागतात. शक्य असेल तर साटा पोर्टच वापरा. यूएसबी अडॅप्टर एखाद्या खराब सेक्टरवर गोठतो, डिस्क गप्प होते आणि उरलेला भाग भराभर * म्हणून नोंदला जातो. तसं दिसलं तर थांबवा, वीज काढून पुन्हा जोडा आणि ट्राय-अगेन पर्याय देऊन चालवा. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सर्किट बोर्ड डिस्कवरच असतो, तिथे साटा मिळतच नाही. हे विकत घेतानाच माहीत असलेलं बरं.

डीडीरेस्क्यूव्ह्यू हा सोबतचा चित्ररूप दर्शक जरूर घ्या. एकाच जागी डाग दिसला तर तेवढा पट्टा खराब आहे. ठरावीक अंतराने पट्टेच पट्टे दिसले तर एक हेड मेलेलं असण्याची शक्यता दाट, आणि तिथे सॉफ्टवेअरचं काम संपतं. आणखी फेऱ्या मारल्या तर लॅबचंही काम अवघड होतं.

उणिवाही आहेत. सगळं टर्मिनलवर, आणि कुठल्या फाइलींना फटका बसला हे तो सांगत नाही. रिकाम्या जागेवरही तितकाच वेळ घालवतो. त्याला उपाय म्हणजे पार्टक्लोन या विभाजनाची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामचा डोमेन पर्याय. तो वापरातल्या भागाचा नकाशा बनवतो आणि डीडीरेस्क्यू मग तेवढंच वाचतो. विभाजन तक्ता (डिस्कच्या भागांची नोंद) बिघडला असेल तर तो सावरायला इमेजवर टेस्टडिस्क. फाइली नुसत्या आतल्या मजकुरावरून शोधणारा फोटोरेक अगदी शेवटचा, कारण तो फाइलींची नावं आणि फोल्डर दोन्ही हरवतो. लग्नाच्या फोटोंचा अख्खा संग्रह नुसत्या आकड्यांच्या नावांनी हातात येतो.

फटका बसलेल्या फाइली शोधायची उत्तम युक्ती डीडीरेस्क्यूच्या फिल मोडमध्ये, म्हणजे ठरावीक खुणेच्या जागा भरून काढणाऱ्या पर्यायात आहे. आधी इमेजची प्रत काढा. मग एका छोट्या फाइलीत सहसा कुठे न आढळणारा शब्द लिहा, फिल मोडला वजा चिन्ह द्या आणि प्रतीतल्या वाचता न आलेल्या सगळ्या जागा त्या शब्दाने भरा. ही प्रत फक्त वाचण्यासाठी माउंट करून ग्रेप या शोधायच्या आज्ञेने तो शब्द शोधा. ज्या फाइलींत तो सापडेल त्यांतच भोक आहे. ही यादी डेटासोबत मालकाला द्या, म्हणजे बॅकअपमधून नेमकं काय शोधायचं ते त्याला कळेल.