कॅमोमाईलचं घरगुती किट: बी चांगलं, कागद चुकीचा

कॅमोमाईल म्हणजे ज्याच्या फुलांचा चहा करतात ते रोप; हे किट ते घरी वाढवण्यासाठी. खोक्यात बियांचं पाकीट, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) चकती, 10 सेंमीची कुंडी, खताची पुडी आणि माहितीचा कागद. बी जर्मन कॅमोमाईलचं, म्हणजे एका हंगामाचं आणि चहासाठी योग्य तेच. जमिनीलगत पसरणारं, वर्षानुवर्षं टिकणारं रोमन कॅमोमाईल वेगळं. पाकिटावर नुसतं ‘कॅमोमाईल’ छापणं बरोबर नाही.

खरी गडबड कागदात आहे. ‘बी 1 सेंमी खोल पेरा’ म्हणे! हे बी धुळीसारखं बारीक, आणि रुजायला त्याला उजेड लागतो. पुरलंत तर बहुतेक वायाच. चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरावं, बोटाने हलकं दाबावं, वर काही घालू नये. पाणी फवाऱ्यानेच; झारीच्या धारेने सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. 15 ते 20 अंशांत आठवडा-दोन आठवड्यांत हिरवी लव दिसते. तेव्हा पाणी जास्त झालं की रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात.

कुंडी फक्त रुजवण्यापुरती. पुढे 20 सेंमीच्या कुंडीत एकच रोप ठेवा. सोबतची खताची पुडी सरळ बाजूला ठेवा: नत्र जास्त झालं की पाला माजतो, फुलं रोडावतात, वर मावा ही कीड येते.

साधारण दोन महिन्यांत फुलं. पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरल्या की खुडावीत, खाली झुकेपर्यंत थांबू नये. फूल उभं चिरलं तर पिवळा घुमट आतून पोकळ दिसतो, हीच जर्मनची खूण.

बियांना चार तारे, किटला अडीच. नुसतं पाकीट मिळालं तर तेच घ्या.