देवलापारजवळच्या वावरातली पाणचक्की : सहा महिने वापरल्यानंतर

पहिलंच सांगते. नागपूर जिल्ह्यात घरगुती जलविद्युत, म्हणजे नाल्याच्या पाण्यावर छोटी चक्की फिरवून केलेली वीज, चालते, पण अर्धं वर्ष. आमच्याकडे ती जुलैपासून डिसेंबरपर्यंत चालली. बारमाही वीज हवी असेल तर हा नाद करू नका. पण सोलर लावलाय आणि पावसाळ्यात तो हात टेकतो, अशी स्थिती असेल आणि वावरातून उताराचा नाला जात असेल, तर पुढचं जरूर वाचा.

आम्ही राहतो नागपुरात, मनीषनगरला. वावर रामटेक तालुक्यात, जबलपूर रस्त्याला देवलापारच्या अलीकडे. बाबा निवृत्तीनंतर बहुतेक तिथेच असतात. एक किलोवॅटचा सोलर तीन वर्षांपासून आहे. उन्हाळ्यात तो दिवसाला चार युनिट आरामात देतो. पण आषाढात झड लागली की एक-दीड युनिटवर येतो, आणि नेमकं तेव्हाच झाड पडून लाइन जाते ती दोन-दोन दिवस येत नाही. चक्की बसवायच्या आदल्या पावसाळ्यात बाबा सलग तीन रात्री अंधारात होते. त्या वेळी घरामागचा नाला मात्र धो धो वाहत होता. तिथूनच ही कल्पना डोक्यात आली.

चक्कीच्या विक्रेत्याने फोनवरच "पाचशे वॅट मिळतील" असं सांगून टाकलं. नाला पाहिला नव्हता, उंची विचारली नव्हती. त्याच्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. मोजायला अवघड काही नाही. बाबांनी मिस्त्रीची लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने उतार मोजला, नऊ मीटर भरला. पाण्यासाठी नाल्याची धार दोनशे लिटरच्या ड्रममध्ये वळवली. ड्रम २५ सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला आठ लिटर. आता गणित : लिटर गुणिले मीटर गुणिले ९.८१ म्हणजे वॅट. आमचे झाले साधारण ७००. हा कागदावरचा आकडा. पाइपातलं घर्षण, चक्की, जनित्र असं सगळं वजा जाता एवढ्या लहान यंत्रात हाती निम्म्याहून कमी येतं. आमच्या हाती २६० वॅट आले.

तेही दुसऱ्या झटक्यात. पहिल्यांदा मी इतवारीतून तीन इंची पाइप आणला, कारण तो स्वस्त होता. १२० मीटर पाइप टाकला, व्हॉल्व्ह बंद ठेवून दाबाचं घड्याळ पाहिलं, काटा ०.९ बारवर. नऊ मीटरला एवढाच हवा. सगळे खूश. व्हॉल्व्ह उघडला आणि काटा सरसर उतरत ०.३ वर येऊन थांबला. चक्की फिरली, पण साठ-सत्तर वॅटच्या वर जाईना. नऊ मीटरपैकी सहा मीटर उंची पाइपाच्या भिंतींनीच खाल्ली होती. चार इंची टाकल्यावर चालू चक्कीत काटा ०.७५ वर टिकला. तो तीन इंची पाइप आता ठिबकच्या लाइनला गेलाय, पण तेव्हा मनाला फार लागलं होतं. म्हणून कळकळीने सांगते, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, पाइपात नको.

आता मुख्य मुद्दा. २६० वॅट ऐकून नातेवाईक म्हणाले, "एवढंसंच?" पण सोलर दिवसा चालतो, चक्की चोवीस तास. २६० गुणिले २४ म्हणजे सहा युनिटांच्या वर. आमचा चौपट क्षमतेचा सोलर भर उन्हातही रोज एवढी वीज देत नाही आणि श्रावणात तर त्याचा प्रश्नच नाही. फ्रीज, तीन पंखे, सगळे दिवे, टीव्ही, मोबाइल, सकाळी मिक्सर, सगळं निघतं. तीन एचपीचा पंप चालणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका. बॅटऱ्या चक्कीजवळच टिनाच्या शेडमध्ये ठेवल्या आहेत आणि इन्व्हर्टरही तिथेच. घर तिथून ८० मीटरवर आहे. २४ व्होल्टची वीज एवढ्या लांब नेली तर वायरमध्येच बरीच जिरते, म्हणून २३० करूनच घरी आणली.

सोलरवाल्यांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. बॅटरी भरली की पॅनलची जोडणी तोडता येते, त्याचं काही बिघडत नाही. चक्कीवरचा भार एकदम काढला तर ती पिसाटासारखी फिरते आणि बेअरिंग, वाइंडिंग दोन्ही जाऊ शकतात. म्हणून जास्तीची वीज कुठेतरी सतत खर्ची पडावी लागते. आमचा कंट्रोलर ती पाण्याच्या पिंपातल्या कॉइलला देतो. पावसाळी सकाळी चुलीत ओली लाकडं फुंकायची गरज राहिली नाही. आईला या सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

देखभालीचं खरं काम चक्कीवर नाही, पाइपाच्या वरच्या तोंडाशी आहे, जिथे नाल्याचं पाणी जाळीतून आत शिरतं. आजूबाजूला साग आणि पळस. सागाचं एक पान जाळीवर पालथं पडलं की झाकण बसावं तसं बसतं. आमच्याकडचे गडी, त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणतो, त्यांना आता आवाजावरून कळतं. सप्टेंबरात त्यांचा सकाळी साडेपाचला फोन : "ताई, चक्की आज दमून राह्यली." वर जाऊन पाहिलं तर जाळीवर सात-आठ पानं आणि त्यांच्या आडोशाला एक खेकडा. पाणी कमी झाल्यावर पाइपात हवा शिरते आणि चक्कीचा सूर एकसारखा न राहता हुंदके दिल्यासारखा येतो. सुरुवातीला जाळी आडवी होती. ती तिरकी केल्यापासून बरीचशी पानं आपोआप घसरून नाल्यात जातात. तरी पावसाळ्यात दिवसातून एक फेरी लागतेच. तिथे राहणारं माणूस नसेल तर हे यंत्र घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑगस्टमध्ये एका रात्रीत पूर आला आणि पाणी पाइपाकडे वळवणारा वाळूच्या पोत्यांचा बांध गेला, सोबत पाइपाचे वरचे दोन तुकडेही. चार दिवस सगळं बंद. चक्की पूररेषेच्या वर बांधल्यामुळे वाचली.

नोव्हेंबरपासून धार उतरत गेली. डिसेंबरच्या मध्यात तोच ड्रम भरायला ७० सेकंद लागायला लागले आणि वीज शंभर वॅटवर आली. तेवढ्यावरही दिवे आणि कुंपणाचं झटका मशीन चाललं. धान कापणीला आलं की रानडुकरं येतात. शेजारच्या दोघांच्या वावरालाही त्याच मशीनवरून तार दिली होती, त्यामुळे या वर्षी रात्री जागल करावी लागली नाही. जानेवारीत चक्की बंद केली. तोवर आभाळ निवळून सोलरने पुन्हा भार उचलला होता.

खर्च : चक्की, जनित्र, कंट्रोलर मिळून ५२ हजार. चार इंची पाइप ३४ हजार. दोन बॅटऱ्या ३० हजार. गाळटाकी, बांध, शेड १८ हजार. वाया गेलेला पाइप यात धरलेला नाही. फक्त बिल वाचवायला म्हणून हे परवडत नाही. अंधार नको म्हणून केलं, आणि त्या हिशेबाने मला पैसे वसूल वाटतात.

काम सुरू करण्याआधी खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांना बोलावून दाखवलं की पाणी कुठेही अडत नाही, चक्कीतून निघून पुन्हा नाल्यातच पडतं. हे आधी केलं नसतं तर उन्हाळ्यात भांडण ठरलेलं होतं. आपल्या भागात पेंचचं जंगल लागून आहे. नाला वनजमिनीतून येत असेल तर परवानगीशिवाय एक दगडही हलवू नका.

शहरातले बरेच जण विचारतात, फ्लॅटच्या टाकीच्या पाइपात छोटं टर्बाइन बसवलं तर? हिशेब करा. हजार लिटर पाणी बारा मीटरवरून खाली आलं तरी एका युनिटचा तिसावा भागसुद्धा पूर्ण होत नाही. आणि ते पाणी वर चढवायला मोटरने त्याहून जास्त वीज आधीच खाल्लेली असते. नाग नदीबद्दलही विचारणा झाली. तिला शहरात उतारच नाही. नागपूरकरांना पाण्याची वीज पाहायचीच असेल तर तोतलाडोहकडे बघावं, तिथे १६० मेगावॅटचं केंद्र आहे. धरणाची उंची आणि साठा दोन्ही असल्यामुळे ते जमतं. आमच्यासारख्यांनी उतार शोधावा, मग पाणी.

मृग लागायच्या आत दोन कामं करायची आहेत. पोत्यांऐवजी तारेच्या जाळीत दगड भरून बांध घालायचा आणि पाइपाचा वरचा तुकडा खडकाला साखळीने बांधायचा. बेअरिंगला ग्रीस भरून चक्की सध्या ताडपत्रीखाली ठेवली आहे. मामा येता-जाता ताडपत्री उचलून हाताने एक फेरा फिरवून बघतात.