खाणीचा विषारी गाळ: उपसायचा की झाकायचा?
उपसला की घाण गेली असं वाटतं, पण नदी-तलावाच्या तळाच्या काळ्या, सडक्या अंड्याचा वास मारणाऱ्या गाळात ऑक्सिजन नसतो म्हणून कॅडमियम, झिंक, शिसं सल्फाइडमध्ये (गंधकाच्या संयुगात) अडकून गप्प असतं, मशीनने ढवळलं की ऑक्सिजन लागतो, सल्फाइड फुटतं, ॲसिड तयार होऊ शकतं आणि धातू सुटून पाण्यात. वर उपसलेला ढीग टाकणार कुठे? (हे नेहमी शेवटीच आठवतं!)

वाळूचा थर टाकून झाकणं सहसा स्वस्त, ढवळाढवळही कमी. पण आर्सेनिक उलट्या डोक्याचं, ते लोखंडाच्या गंजाला चिकटून असतं, झाकल्यावर ऑक्सिजन संपला की गंज विरघळतो आणि हे मोकळं.

माझं मत, संथ पाणी आणि कॅडमियम-झिंक असेल तर झाका, नदीला जोरदार पूर येत असेल तर थर टिकणारच नाही, मग उपसाच.